मतचिठ्ठ्यांचं कपाट : कर्वेनगरच्या सोसायटीतल्या नोंदी

आमच्या सोसायटीत यंदा मराठी कादंबऱ्या आणि आत्मकथनांचं एक लहान कपाट सुरू केलं. प्रत्येक पुस्तकात एक मतचिठ्ठी: पुस्तक कशाबद्दल आहे, कुठे अडखळायला होतं आणि मला ते कसं वाटलं. कामाच्या वहीतल्या नोंदी इथे देते आहे. कुणाला आपल्या इमारतीत असं काही करायचं असेल तर निदान कपाटाची जागा आणि चिकटवायचा डिंक या दोन बाबतींत तरी वेळ वाचेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

सोसायटीच्या सभेत सांस्कृतिक निधीतून १२,००० रुपये मंजूर झाले. अट मीच घालून घेतली: गेल्या चाळीसेक वर्षांतल्या कादंबऱ्या आणि आत्मकथनंच घ्यायची. पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्या आमच्या बहुतेक घरांत आधीपासून आहेत, लग्नाच्या आहेरात आलेल्या, काही तर अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. नवं काही वाचायचं म्हटलं की सगळ्यांचा एकच प्रश्न, "पण घेऊ काय?" पेपरातल्या परीक्षणांवर लोकांचा विश्वास उरलेला नाही, कारण तिथे प्रत्येक पुस्तक 'मराठी साहित्यात मोलाची भर' घालणारंच असतं. म्हणून मतचिठ्ठी. ओळखीच्या माणसाने, सही करून, पुस्तकाचं बरं-वाईट लिहायचं.

सचिवांनी विचारलं, "वाईट लिहिलंत तर पुस्तक नेणार कोण?" त्याचं उत्तर आज माझ्याकडे नव्हतं. पुढे मिळालं, ते फेब्रुवारीच्या नोंदीत आहे.

१२ जानेवारी

कपाट. रविवारच्या जुन्या बाजारात गेलो. लाकडी कपाटं दिसायला देखणी आणि स्वस्त, पण एकाच्या मागच्या फळीवर बोट दाबलं तर आत गेलं. वाळवी. लोखंडी, काचेच्या दारांचं, चार कप्प्यांचं कपाट ३,८०० रुपयांना ठरलं. टेंपो ९००, गंज घासून रंग ६५०, नवं कुलूप आणि जादा किल्ल्या १८०. एकूण ५,५३०. निधीचा निम्म्याला टेकणारा भाग पुस्तकांआधीच गेला. तुमच्याकडे कुणाचं पडून असलेलं कपाट मिळत असेल तर आधी तेच मागा.

जागा लिफ्टशेजारी, पार्किंगच्या तोंडाशी. येता-जाता सगळ्यांना दिसेल म्हणून. या जागेने पुढे मे महिन्यात दगा दिला.

१९ जानेवारी

पुस्तकखरेदी. नवी पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून, ४,९०० रुपयांची. जुनी रस्त्यावरून, १,१५० रुपयांची.

जुनी पुस्तकं घेताना काय बघायचं ते लिहून ठेवते. गाजलेल्या पुस्तकांच्या नकली प्रती सर्रास मिळतात. कागद पातळ, छपाई एका बाजूला झुकलेली, मुखपृष्ठाचा रंग फिका. अशी प्रत घेऊ नये, लेखकाला त्यातून छदामही मिळत नाही. आणि खरी प्रत असली तरी पृष्ठक्रमांक चाळून घ्या. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ची एक प्रत चांगली जाड, स्वच्छ मिळाली म्हणून घेतली. घरी आल्यावर दिसलं की मधला अख्खा फर्माच नाही, सोळा पानं गायब. ती प्रत बाद. दुसरी नवी घ्यावी लागली (वरच्या ४,९००मध्ये ती धरली आहे).

कागद, पुठ्ठा, वह्या, दोरा असे ४२० रुपये. झाले बारा हजार.

१ फेब्रुवारी

पहिल्या मतचिठ्ठ्या बाद करून पुन्हा लिहायला घेतल्या. सुरुवातीला पाचपैकी तारे द्यायचं ठरवलं होतं. चौघी-चौघांनी मिळून चिठ्ठ्या लिहिल्या आणि जवळजवळ सगळ्या पुस्तकांना चार तारे मिळाले. 'हिंदू'लाही चार आणि 'निशाणी डावा अंगठा'लाही चार. भालचंद्र नेमाडे यांची पाल्हाळाला न घाबरणारी सहाशे पानी कादंबरी कुठे आणि रमेश इंगळे उत्रादकर यांनी साक्षरता मोहिमेत भरडल्या जाणाऱ्या मास्तरांवर लिहिलेली कादंबरी कुठे! दोन्ही मला आवडतात, पण ती वाचायची तयारी वेगळी, वाचायचा वेळ वेगळा. तारे यातलं काहीच सांगत नाहीत.

आता चिठ्ठीचे तीन प्रश्न ठरवले. पुस्तक कशाबद्दल आहे, एका वाक्यात. कुठे अडखळायला होतं. आणि लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत, कारणासकट. कथानक सांगायचं नाही. साठ-सत्तर शब्दांच्या पुढे जायचं नाही.

'शाळा'ची चिठ्ठी अशी झाली:

"आणीबाणीच्या काळातली नववीतली पोरं. मुकुंद आणि शिरोडकर यांच्यासाठी सगळेच घेतात, तुम्हीही घ्या. पण घरात मोठी माणसं आवाज खाली आणून काय बोलतात आणि वर्गात मास्तरांचा हात कुणावर आधी उठतो याकडे लक्ष ठेवा. पुस्तकाचा कणा तिथे आहे. पोरांच्या तोंडी शिवराळ बोलणं आहे आणि ते तसंच हवं. लहानपणच्या गोड आठवणी म्हणून वाचाल तर शेवट जिव्हारी लागेल."

आणि 'हिंदू'ची:

"खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील आजारी असल्याचं कळतं आणि तो गावी निघतो. प्रवास एवढाच, पण त्यात अख्खं खानदेशी गाव, जाती, पिकं, शिव्या, म्हातारे-कोतारे येतात. पहिली शंभर पानं सरळ गोष्ट शोधत बसलात तर दमाल. गोष्टीचा नाद सोडा, माणसं बघा. मला मधली काही पानं नुसती माहितीची जंत्री वाटली, तरी २०१०नंतर वाचलेल्या मराठी कादंबऱ्यांत इतकी भरलेली दुसरी आठवत नाही."

दुसऱ्याच दिवशी 'हिंदू' गेलं! नेणारे काका म्हणाले, "जंत्री वाटली असं कुणीतरी पहिल्यांदा कबूल केलं. आता धीर आला." सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर हे. पुस्तक कुठे जड आहे ते आधी सांगितलं की माणूस तिथे पोचल्यावर स्वतःला दोष देत नाही आणि पुस्तक अर्धवट टाकत नाही.

२७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. कपाटाचं रीतसर उद्घाटन. भाषणं नकोत म्हणून सांगितलं होतं, तरी दोन झाली. देवघेवीची वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली. मुदत पंधरा दिवस.

मुदतीचा नियम लगेच मोडावा लागला. 'हिंदू' किंवा रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' नोकरी सांभाळून पंधरा दिवसांत वाचून होणं शक्यच नाही. आता जाड पुस्तकांना मुदत नाही. दर पंधरवड्याला वहीत कितव्या पानावर आहात तेवढं लिहायचं. महिनाभर पान पुढे सरकलं नाही तर पुस्तक परत.

१६ मार्च

देणग्या सुरू झाल्या आणि डोकेदुखीही. बाराव्या इयत्तेचे अपेक्षित प्रश्नसंच, जुने दिवाळी अंक, शेअर बाजाराची पुस्तकं, रद्दीवाल्याने नाकारलेलं सगळं कपाटाबाहेर पोत्यांत येऊन पडलं. कुणाला नाही म्हणायचं हाच प्रश्न. शेजारीपाजारी आहेत, दुखावून चालत नाही.

नियम केला: ज्याला पुस्तक द्यायचं आहे त्याने ते वाचून, मतचिठ्ठी लिहून द्यायचं. पोती आठवड्यात थांबली. आणि जी थोडी पुस्तकं या नियमाने आली ती खरोखर कुणीतरी प्रेमाने वाचलेली होती. नंदा खरे यांचं 'उद्या' असंच आलं, डी विंगमधल्या निवृत्त इंजिनिअर काकांकडून. त्यांची चिठ्ठी:

"लेखक स्वतः इंजिनिअर होते, त्यामुळे यंत्रणा कशी चालते याचा हिशेब पक्का आहे. माणसांवर पाळत ठेवणारा, माणसांना आकड्यांत मोजणारा उद्याचा समाज. धागे अनेक, सगळ्यांवर सारखं प्रेम बसत नाही. २०१४ साली वाचलं तेव्हा अतिशयोक्त वाटलं होतं. मोबाईल हातात धरून आता पुन्हा वाचलं, तसं वाटलं नाही. या पुस्तकाला २०२०चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी घेतला नाही. पुस्तक वाचल्यावर ते वागणं परकं वाटत नाही."

अशी चिठ्ठी असल्यावर मी वेगळं काय लिहू?

६ एप्रिल

आत्मकथनांचा कप्पा आठवडेच्या आठवडे तसाच आहे. ऊर्मिला पवार यांचं 'आयदान', बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं', किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर', सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी'. शेवटचं सोडलं तर बाकीच्यांना हात लागलेला नाही.

कारण शोधायला चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या, तर घोळ तिथेच होता. कादंबऱ्यांवर आम्ही वाद घातला होता, भाषेवर बोललो होतो, कुठे लांबलं ते सांगितलं होतं. आत्मकथनांवर मात्र सगळ्यांनी हात जोडून लिहिलं होतं. 'हृदयद्रावक', 'प्रत्येकाने वाचलेच पाहिजे', 'डोळ्यांत पाणी आणणारे'. अशी चिठ्ठी वाचून कुणाला पुस्तक न्यावंसं वाटेल? शिक्षा भोगायला बोलावल्यासारखं वाटतं ते.

संध्याकाळी बाकावर यावरून चांगलंच वाजलं. ए विंगच्या वहिनी म्हणाल्या, "त्यांनी भोगलंय ते. खरं आहे. त्यावर मी काय मत देणार? माझी काय लायकी?" त्यांचा संकोच मनापासूनचा आहे आणि मला तो समजतो. पण मला तो मान्य नाही. कादंबरीकाराला आपण लेखक म्हणून वाचतो आणि आत्मकथन लिहिणाऱ्या बाईला साक्षीदार म्हणून. तिने कुठून सुरुवात केली, काय गाळलं, कुठे हसवलं, कुठे थांबली, हे सगळं तिने ठरवलेलं असतं. ते बघायचंच नाही म्हणजे तिच्या हातातलं लेखन काढून घ्यायचं आणि दुःख तेवढं ठेवायचं. बाकावर मी हे जरा आवाज चढवूनच बोलले आणि आजही माझं तेच मत आहे.

'आयदान'ची जुनी चिठ्ठी फाडली. नवी:

"पुस्तक सुरू होतं ते रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन चालत निघालेल्या बायकांपासून. चढ-उतार, थट्टा, शिव्या, आजूबाजूचं रान. लेखिकेची आई बांबूची आयदानं, म्हणजे सुपं-टोपल्या, विणून घर चालवते आणि पुस्तकाची वीणही तशीच आहे, एक पाती इथली, एक तिथली. काळाचा क्रम शोधाल तर गोंधळाल. कोकणातल्या महारवाड्यातलं बालपण, पुढे मुंबई, नोकरी, चळवळ. जातीबद्दल जेवढं रोखठोक, तेवढंच स्वतःच्या संसाराबद्दल. बाईने शिकायचं, लिहायचं म्हटल्यावर घरातला पुरुष कसा आखडतो ते लिहिताना तिने कुणाची भीड ठेवलेली नाही. विनोद भरपूर आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते."

'जिणं आमुचं'बद्दल वहिनींनीच लिहायला घेतलं. त्यांना वेळ लागला, पण चिठ्ठी अशी आली की मी एक शब्द बदलला नाही:

"बेबीताई 'मी' फार कमी म्हणतात, 'आम्ही' म्हणतात. फलटणच्या भागातला सगळा महारवाडा बोलतोय असं वाटतं. सणाचं जेवण, लग्नं, अंगात येणं, सुनांचे हाल आणि मग बाबासाहेबांच्या शब्दाने उठलेली माणसं. काही ठिकाणी तेच तेच येतं. पण दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलेलं आहे हे कळल्यावर मला ते तेच तेच येणं समजलं. सासूने सुनेला छळल्याची पानं मी दोनदा मिटून ठेवली. आपल्याच लोकांचं वाईटही त्यांनी झाकलं नाही, म्हणून चांगलं लिहिलेलं खरं वाटतं."

दोन्ही पुस्तकं आठवडाभरात बाहेर गेली. 'कोल्हाट्याचं पोर' अजून आतच आहे. त्याची चिठ्ठी लिहायला तरुण हात हवा आहे, कॉलेजातली कुणी तयार होतंय का ते बघते.

२० एप्रिल

'आहे मनोहर तरी'वरून बी विंगच्या आजी माझ्यावर रागावल्या. चिठ्ठीत मी पहिलंच वाक्य लिहिलं होतं: "पुलंसाठी हे पुस्तक घेऊ नका." आजी पुलंच्या निस्सीम चाहत्या. १९९०मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यांनी ते रागाने अर्धं टाकलं होतं. घरातलं असं चव्हाट्यावर मांडायचं का, हा त्यांचा तेव्हाचा प्रश्न अजून तसाच होता.

मी म्हटलं, "आजी, एकदा पुलं मनातून बाजूला ठेवून वाचा. स्वतःचा न्याय करायला बसलेल्या बाईचं पुस्तक आहे. नवऱ्यावर जेवढी कठोर, तेवढीच स्वतःवर."

त्यांनी नेलं. परत आलं तेव्हा चिठ्ठीच्या मागे त्यांच्या वळणदार अक्षरात: "तेव्हा मी पस्तिशीची होते आणि मला ती उद्धट वाटली. आता सत्तरीत ती एकटी वाटली. पाल्हाळ आहे हे मात्र खरं. आणि पुलंवरचं माझं प्रेम आहे तसंच आहे, ते कमी व्हायची गरज पडली नाही."

यातून नवा नियम निघाला. चिठ्ठीची मागची बाजू दुसऱ्या वाचकासाठी कोरी ठेवायची. आधीच्या मताला छेद देणारं मत असेल तर ते आवर्जून मागायचं.

११ मे

मागच्या बाजूची सर्वांत चांगली नोंद 'बारोमास'वर आली. सदानंद देशमुख यांची ही कादंबरी २००२ची, विदर्भातल्या कोरडवाहू शेतकरी घराची. शिकलेला एकनाथ, नोकरी नाही, शेती पिकत नाही, बायकोशी बिनसतं, घरातलं माणूस माणसावर खेकसतं. माझी चिठ्ठी भाषेवर होती: वऱ्हाडी बोली सुरुवातीला कानाला लागत नाही, पंचवीस पानं धीर धरा.

मागे एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिलं: "नोकरीत असताना अशी घरं मी बाहेरून पाहिली. ओटीवर बसून चहा घेतला, थकबाकीचे आकडे लिहून घेतले आणि निघालो. मी उठल्यावर आत काय होत असेल ते या पुस्तकात वाचलं. तक्रार एकच. एकनाथ मनात फार बोलतो. माझ्या ओळखीचे शेतकरी इतकं बोलून दाखवत नसत, गप्प बसत."

मी ते वाचून कितीतरी वेळ कपाटापाशीच उभी होते. हे मत कुठल्या परीक्षणात मिळालं असतं?

२१ मे

काल जयंत नारळीकर गेले. संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये तिघांनी 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या आत्मचरित्राची चौकशी केली. प्रत एकच, त्यामुळे वहीत नावं लावून ठेवली. चिठ्ठी आधीच लिहिलेली आहे, ती आज बदलावी का असा विचार आला. बदलली नाही. त्यात लिहिलंय की बनारस आणि केंब्रिजचा भाग मला फार आवडला. मुंबईच्या आणि आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभी राहिली त्या पुण्याच्या भागात संस्थेचा तपशील पुढे येतो आणि माणूस थोडा मागे राहतो. मनातलं ते सहसा उघडं करत नाहीत. पण ज्याला मुलामुलींच्या हाती शास्त्रज्ञाचं आयुष्य द्यायचं आहे त्याने हेच द्यावं, कारण यात कुठे बढाई नाही.

२८ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच आला आणि कपाटाची जागा चुकल्याचं एका रात्रीत सिद्ध झालं. पार्किंगच्या जाळीतून आलेले शिंतोडे काचेच्या फटीतून आत. खालचा कप्पा ओला. तीन पुस्तकं फुगली. एकाच्या कापडी बांधणीवर दोन दिवसांत पांढरी बुरशी.

त्याहून वाईट गोष्ट पुस्तकं काढल्यावर दिसली. मतचिठ्ठ्या आम्ही घरी केलेल्या गव्हाच्या खळीने आतल्या मुखपृष्ठावर चिकटवल्या होत्या. कसर लागली होती. चिठ्ठ्यांच्या कडा कुरतडलेल्या, काही ठिकाणी खालचं मुखपृष्ठही. पिठाची खळ म्हणजे कसरीला मेजवानीच. काही चिठ्ठ्या सेलोटेपने लावल्या होत्या, त्या टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटून कागदावर पिवळा डाग पडला होता. तोही नाद सोडा.

काय केलं:
ओल्या पुस्तकांची पानं मिटलेली सुकवायची नाहीत, पंख्याखाली उभी करून, पानं मोकळी करून सुकवली. कडक उन्हात ठेवली नाहीत, कागद वाकतो. बुरशी बाहेर गच्चीवर, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या मऊ ब्रशने काढली.
कपाट जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात हलवलं, भिंतीपासून चार बोटं पुढे, खाली विटा. हमाली ४००.
चिठ्ठ्या आता जाड कार्डावर, काहीही न चिकटवता, वरच्या टोकाला भोक पाडून दोऱ्याने ओवलेल्या. खुणेची पट्टी म्हणूनही चालतात. कार्ड हरवू शकतं, म्हणून प्रत्येक चिठ्ठीची नक्कल वहीत.
कप्प्यांत डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, त्यांच्या वासाने दोघींचं डोकं दुखलं. त्या काढून सुकवलेला कडुनिंबाचा पाला कापडी पुरचुंड्यांत ठेवला आणि दर रविवारी कपाट तासभर उघडं ठेवून पुस्तकं हलवायची असं ठरवलं. खरा उपयोग या हलवण्याचाच होतो.

दोन पुस्तकं वाचवता आली नाहीत. ती नव्याने घ्यायला ६४० रुपये वर्गणीतून.

६ जुलै

सचिन कुंडलकर यांच्या 'कोबाल्ट ब्लू'बद्दल तक्रार आली, लेखी. "कपाट मुलांच्या वाटेत आहे, असलं पुस्तक नको."

कादंबरी २००६ची, पुण्यातल्याच एका घरातली. वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेल्या तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव जडतो. पहिला भाग भावाचा, तनयचा, त्या निघून गेलेल्या माणसाशी थेट बोललेला. दुसरा बहिणीची डायरी. चित्रपट आला २०२२मध्ये, तेव्हा गोष्ट केरळात गेली. मला विचाराल तर ती पुण्यातच हवी. ते आईवडील, नातेवाईक, लग्नाची बोलणी, सगळं कळूनही काही न विचारणारं ते घर, हे आपलं आहे.

कमिटीत बोलायला उभी राहिले. म्हटलं, तक्रार करणाऱ्यांनी पुस्तक वाचलं असेल तर त्यांची चिठ्ठी मी मागच्या बाजूला स्वतः लावते, ती कितीही विरोधी असो. वाचलं नसेल तर आधी न्यावं. वरच्या कप्प्यात, मागे, आडोशाला ठेवू असा मधला मार्ग एकाने सुचवला. मी नको म्हणाले. या कपाटात लपवून ठेवलेलं पुस्तक असणार नाही. या इमारतीत तनयसारखं कुणी राहत असेल, त्याला किंवा तिला आपली गोष्ट डोळ्यांच्या रेषेत दिसायला हवी.

पुस्तक राहिलं, त्याच जागी. तक्रारदारांनी अजून नेलेलं नाही. त्यांच्यासाठी मागची बाजू कोरी ठेवली आहे, मनापासून.

२ ऑगस्ट

बोलीतल्या कादंबऱ्या अडतात. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून तीन घरांत गेलं आणि तिन्हीकडून पहिल्या काही पानांवरून परत. धरणाने उठवलेल्या गावचा माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी पुन्हा त्या रानात जातो, एवढंच कथानक. पन्हाळ्याकडची भाषा. डोळ्यांनी भराभर वाचायला गेलं की निसटते.

रविवारी रात्री ऑनलाइन चर्चा ठेवून पाहिली. फारसं कुणी आलं नाही, आले त्यांनी कॅमेरे बंद ठेवले. ते सोडून दिलं. आता शनिवारी आठ ते साडेआठ, बाकावर, पहिली दहा पानं मोठ्याने वाचायची. पहिल्याच शनिवारी मूळच्या कोल्हापूरकडच्या एका ताईंनी 'रिंगाण' वाचलं. त्यांच्या तोंडून ते ऐकल्यावर चित्र उभं राहिलं: माणूस, रान, आणि आता माणसाला न ओळखणारं जनावर. नंतर पुस्तक कोण आधी नेणार यावरून सोडत काढावी लागली. बोलीतलं काहीही द्यायचं असेल तर आधी मोठ्याने वाचा. आणि शक्य असेल तर त्या बाजूच्या माणसाला वाचू द्या.

१७ ऑगस्ट

देवघेवीच्या वहीत फ्लॅट नंबरचा रकाना आहे. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनदादांना फ्लॅट नंबर नाही. किल्ली त्यांच्याकडे, वही त्यांच्याकडे, आणि पुस्तक न्यायचा हक्क नाही! हे माझ्या लक्षात आलं ते त्यांनीच संकोचत विचारल्यावर. "ताई, ते नदीवालं पुस्तक रात्री वाचून सकाळी ठेवलं तर चालेल का?" नदीवालं म्हणजे मनोज बोरगावकर यांचं 'नदीष्ट'. दादा मूळचे नांदेडकडचे.

त्याच दिवशी रकाना खोडला. आता नाव आणि फोन, बस. सफाईच्या मावशी, ड्रायव्हर, इस्त्रीवाले, सगळ्यांना खुलं. कमिटीतल्या एकांनी पुस्तकं हरवतील म्हटलं. आतापर्यंत परत न आलेली दोन्ही पुस्तकं फ्लॅटधारकांकडे आहेत, ते वहीत दिसतं.

'नदीष्ट'ची माझी चिठ्ठी: "गोदावरीत रोज पोहणारा माणूस आणि नदीकाठी त्याला भेटणारी माणसं. लहान पुस्तक, एका बैठकीत होतं. सकीनाची पानं विसरता येत नाहीत. काही वाक्यं जरा जास्त सुंदर करायला गेलीत, तिथे मला नदी दिसेनाशी झाली." मागे दादांची नोंद, पेन्सिलीने: "नदी अशीच आहे. पाण्यात उतरल्यावर पायाला जे कळतं ते लिहिलंय. सुंदर वाक्य मला आवडले. घरी फोन करून आईला दोन पानं वाचून दाखवले."

त्यांचं मत माझ्या मताच्या विरुद्ध आहे आणि नदी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन्ही मतं कार्डावर राहतील.

१४ सप्टेंबर

गणपतीच्या वर्गणीतून कपाटाला २,५०० रुपये मिळाले. खर्च असा ठरला: कविता महाजन यांचं 'ब्र' (आधीची प्रत वाचून वाचून सुटी झाली, ती बाइंडिंगला टाकली आहे, तरी आणखी एक हवीच), 'आयदान'ची दुसरी प्रत, मेघना पेठे यांचं 'नातिचरामि', प्रणव सखदेव यांचं 'काळेकरडे स्ट्रोक्स'. कपाटात एक छोटा दिवा, कारण जिन्याखाली पाठीवरची नावं दिसत नाहीत. कार्डांचा नवा गठ्ठा.

'कोल्हाट्याचं पोर'ला अखेर चिठ्ठी लिहिणारी मिळाली. सी विंगमधली मेडिकलला असलेली मुलगी घेऊन गेली आहे. तमाशातल्या आईचा मुलगा डॉक्टर होतो, हे तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "काकू, मी डॉक्टर होण्याबद्दल लिहिणार नाही, ते सगळेच लिहितात. त्याने आईचं नाव मधे लावलंय आणि तरी आईवरचा राग लपवला नाही, त्यावर लिहिते." कार्डाची मर्यादा सत्तर शब्द आहे. तिला दोन कार्डं दिली.